डब्लिनमध्ये सामना बघायचाय, खेळायचंही आहे? मग कामं या क्रमाने करा

डब्लिनला फिरायला किंवा मुलांकडे राहायला जाणाऱ्या मंडळींचा खेळाचा बेत फसतो तो बहुतेक एकाच कारणाने. विमानाचं तिकीट आधी निघतं आणि सामन्याचा शोध तिथे पोहोचल्यावर सुरू होतो. कुणी ऑगस्टच्या शेवटी जाऊन काउंटी (जिल्हा) संघांच्या हर्लिंगची, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाची, चौकशी करतं, तेव्हा तो हंगाम जुलैतच आटोपलेला असतो. कुणी ऑक्टोबरात बॅट घेऊन उतरतं आणि मैदानं बंद झालेली असतात. खेळायची इच्छा असलेले तर त्याहून उशिरा जागे होतात, कारण क्लबला आधी पत्र लिहावं लागतं हे त्यांच्या गावीच नसतं.

खाली दिलेला क्रम डब्लिनसाठी आहे. त्यातले पहिले तीन टप्पे, आणि क्रिकेट खेळायचं असेल तर सहाव्यातलं पत्रही, भारतात असतानाच उरकायचं.

## १. आधी महिना, मग खेळ

कोणत्या महिन्यात काय चालू असतं ते असं:

- जानेवारीअखेर ते मार्च: गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश फुटबॉल) आणि हर्लिंगची नॅशनल लीग. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स रग्बी. फेब्रुवारीतच लीग ऑफ आयर्लंड सॉकरही सुरू होते आणि नोव्हेंबरपर्यंत चालते.
- एप्रिल ते जुलै: काउंट्यांची चॅम्पियनशिप. गेलिक खेळांचं मुख्य मैदान असलेल्या क्रोक पार्कचा खरा हंगाम हाच. २०२२ पासून हर्लिंग आणि फुटबॉल, दोन्हींच्या ऑल-आयर्लंड फायनल जुलैत होतात. जुन्या प्रवासपुस्तिकांत सप्टेंबर लिहिलेला सापडेल, त्यावर जाऊ नका.
- मे ते सप्टेंबर: क्रिकेट.
- ऑगस्ट ते ऑक्टोबर: डब्लिनच्या स्थानिक क्लबांची गेलिक चॅम्पियनशिप. यातले महत्त्वाचे सामने डोनीकार्नीच्या पार्नेल पार्कवर होतात.
- नोव्हेंबर: अविवा स्टेडियमवर रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने.

एकच सहल करायची असेल तर माझं मत जूनचा उत्तरार्ध किंवा जुलैची सुरुवात. क्रोक पार्कवर बाद फेरीचे सामने असतात, क्रिकेट चालू असतं, आणि सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. त्यामुळे संध्याकाळी सातला सुरू झालेला खेळही उजेडात पुरा होतो. डिसेंबरात साडेचारच्या आतच अंधार पडतो, तेव्हा बाहेर खेळायचा विचार सोडून द्या.

सावधान: चॅम्पियनशिपच्या बाद फेरीत कोण कुणाशी, कोणत्या दिवशी आणि किती वाजता खेळणार हे आधीच्या फेरीचे निकाल लागल्यावर, पुष्कळदा जेमतेम आठवडाभर आधी ठरतं. म्हणून बेत संघाभोवती आखू नका, शनिवार-रविवारभोवती आखा. ते दोन्ही दिवस मोकळे ठेवा आणि गॅलवे किंवा मोहेरच्या कड्यांची सहल आठवड्याच्या मधल्या दिवसांत घाला.

## २. व्हिसा, विमा आणि सामान

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर पॅरिसहून डब्लिनला 'जाऊन येऊ' असं ठरवणारे विमानतळावरच अडकतात. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. शाळांच्या सुट्ट्यांच्या आधी गर्दी होते, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात भरून टाका. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं, मात्र प्रवास आधी ब्रिटनमध्ये शिरून करावा लागतो. लंडनला नोकरी करणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी तिथल्या निवासपत्रावर भरवसा ठेवू नये. त्यांच्यासाठीही आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

प्रवासविमा घेताना 'खेळताना झालेली दुखापत' त्यात येते का, हे लेखी विचारा. कित्येक स्वस्त पॉलिसींत संपर्काचे खेळ वगळलेले असतात. हर्लिंग किंवा रग्बी करून बघायची असेल तर त्या खेळाचं नाव घेऊनच विचारा.

सामानात सगळ्यात जास्त उपयोग पडतो तो टोपीवाल्या जलरोधक जॅकेटचा. छत्री स्टँडमध्ये उघडली की मागच्या माणसाला काही दिसत नाही, आणि वाऱ्यात ती तशीही टिकत नाही. जुलैतसुद्धा एक स्वेटर हवाच. बॅट न्यायची असेल तर ती चेक-इनच्या सामानात. केबिनमध्ये घेऊ देत नाहीत.

सावधान: पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. पैसे घेऊन खेळणं किंवा कोचिंग करणं हेही कामच. क्लबने 'थोडे पैसे देतो' म्हटलं तरी नको म्हणा.

## ३. तिकीट काढणं

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा जरा सावकाश वाचा.

गेलिक सामने. काउंटी सामन्यांची तिकिटं जीएएच्या (गेलिक खेळांची संघटना) अधिकृत संकेतस्थळावरून टिकीटमास्टरवर मिळतात. सुपरव्हॅल्यू आणि सेंट्रा या किराणा दुकानांच्या बऱ्याच शाखांतही मिळतात. फाटकावर रोख देऊन आत शिरू, हा समज सोडा. क्रोक पार्कची क्षमता ८२,३०० आहे, त्यामुळे लीगच्या आणि उपांत्यपूर्व फेरीच्या सामन्यांना सहसा जागा मिळते. फायनलचं गणित मात्र वेगळं. ती तिकिटं काउंट्या आणि क्लबांमार्फत वाटली जातात, खुल्या विक्रीला येत नाहीत म्हटलं तरी चालेल. फायनलच्या मागे लागून सहलीचे आठ दिवस घालवण्यापेक्षा उपांत्य फेरी बघा. खेळ तितकाच चुरशीचा होतो आणि तिकीट सरळ मार्गाने मिळतं.

जागा निवडताना:

१. हिल १६ ही उभं राहून बघायची, छत नसलेली बाजू आहे. डब्लिनच्या पाठीराख्यांचा तो गड. वातावरण झकास, पण सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर घेऊ नका. एका तिकिटावर दोन सामने असले तर चार तास उभं राहावं लागतं.

२. होगन स्टँड पश्चिमेला आणि क्युसॅक स्टँड पूर्वेला. दुपारी चारच्या सामन्याला क्युसॅकमध्ये ऊन थेट डोळ्यांवर येतं.

३. हर्लिंग पहिल्यांदा बघत असाल तर वरचा मजला घ्या. गोलरक्षकाने मारलेला चेंडू अर्ध्याहून जास्त मैदान ओलांडून जातो. खालच्या रांगेतून तो हरवतो आणि नवखा माणूस दहा मिनिटांत कंटाळतो.

रग्बी. सिक्स नेशन्सची तिकिटं बहुतांशी रग्बी क्लबांमार्फत जातात, परदेशी पर्यटकाच्या हाती फारसं काही लागत नाही. त्याऐवजी लेन्स्टर संघाचा युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमधला सामना किंवा महिलांचा आंतरराष्ट्रीय सामना बघा.

सॉकर. स्थानिक लीगचे सामने बहुतेक शुक्रवारी रात्री पावणेआठला असतात. मैदानं लहान आहेत, म्हणून तिकीट क्लबच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी काढा. बोहेमियन्स विरुद्ध शॅमरॉक रोव्हर्स असेल तर त्याहूनही आधी.

सावधान: ठरलेल्या मोठ्या मैदानांची आणि सामन्यांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्त दराने पुन्हा विकणं आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने गुन्हा आहे. सामन्याच्या दिवशी रस्त्यावर कुणी दुप्पट भाव सांगत असेल तर ते तिकीट खोटं असण्याचीही शक्यता धरा.

तपासा: तिकीट मोबाइलवर आलं का? ते फोनच्या वॉलेटमध्ये जतन केलं का? फाटकाजवळ हजारो माणसं एकाच वेळी फोन उघडतात आणि इंटरनेट मान टाकतं.

## ४. क्रोक पार्कचा दिवस

निघण्याआधी. बॅग ए-४ कागदापेक्षा मोठी नको. विमानतळावरून थेट मैदानावर जाण्याचा बेत ट्रॉलीबॅगेमुळे कोसळतो, म्हणून सामान आधी हॉटेलात टाका.

जाणं. ओकॉनेल स्ट्रीटपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि चालणंच उत्तम. सामन्याच्या दिवशी आजूबाजूचे रस्ते बंद असतात, टॅक्सी जवळ नेत नाही. रेल्वेने यायचं तर ड्रमकॉन्ड्रा स्थानक, पण रविवारी गाड्या कमी असतात. बसने येणार असाल तर लीप कार्ड आधी घ्या. बसमध्ये नोटा घेत नाहीत आणि सुटे परत देत नाहीत.

शिरणं. तिकिटावर स्टँडचं नाव असतं आणि कोणत्या रस्त्याने यायचं तेही लिहिलेलं असतं. ते वाचूनच निघा. चुकीच्या बाजूला पोहोचलात तर रेल्वेमार्ग, कालवा आणि गल्ल्या यांच्यामधून लांबचा वळसा पडतो. सुरुवातीच्या वेळेला तिथे 'थ्रो-इन' म्हणतात. थ्रो-इनच्या पाऊण तास आधी फाटकाशी असा. दोन सामने असतील तर पहिल्यालाच या. पैसे दोन्हींचे भरलेले असतात आणि पहिला सामना कधीकधी दुसऱ्यापेक्षा सरस निघतो.

बसणं. दोन्ही संघांचे लोक शेजारी-शेजारी बसतात. केरी काउंटीचा आजोबा आणि डब्लिनचा नातू एकाच रांगेत हे नेहमीचं दृश्य. म्हणून ओरडा भरपूर, पण समोरच्या काउंटीला शिव्या नकोत. सामन्याआधी राष्ट्रगीत होतं, तेव्हा टोपी काढून उभं राहा.

गुण वाचणं. हे बसल्या जागी शिकायला गेलात तर अर्धा डाव जातो, म्हणून घरीच शिकून जा. आडव्या दांडीखाली जाळ्यात चेंडू गेला की गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून दोन खांबांमधून गेला की १ गुण. फलकावर '२-१५' दिसलं तर दोन गोल आणि १५ गुण, एकूण २१. समोर '०-२०' असेल तर ते २०, म्हणजे पहिला संघ पुढे. गोलजवळचा पंच गोलला हिरवा आणि एका गुणाला पांढरा झेंडा हलवतो. गेलिक फुटबॉलमध्ये २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या यशस्वी किकला २ गुण मिळतात, त्यासाठी नारिंगी झेंडा. हर्लिंगमध्ये हा नियम नाही. वरिष्ठ काउंटी सामना ३५ मिनिटांच्या दोन भागांचा असतो.

तपासा: सामना संपल्यावर कुठे भेटायचं हे आत शिरण्याआधीच ठरवा. हजारो लोक एकाच रस्त्याने बाहेर पडतात तेव्हा फोन लागेलच असं नाही.

## ५. शुक्रवारचा सॉकर आणि पब

सॉकरमध्ये क्रोक पार्कची सवय चालत नाही. इथे पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळं बसवतात, म्हणून तिकीट घरच्या बाजूचंच घ्या. फिब्सबरोच्या डॅलीमाउंट पार्कवर बोहेमियन्स, टॅलाला शॅमरॉक रोव्हर्स, इंचिकोरच्या रिचमंड पार्कवर सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिक आणि ड्रमकॉन्ड्राच्या टोल्का पार्कवर शेलबर्न खेळतात. टॅला लुआस ट्रामच्या लाल मार्गाचं शेवटचं स्थानक असल्याने नवख्याला सोपं. डॅलीमाउंट जुनं आणि पडीक दिसतं, तरी पहिल्या सामन्यासाठी मी तेच सुचवेन. तिथली गर्दी बघण्यासारखी असते. फक्त हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून जाऊ नका, तो रोव्हर्सचा रंग.

पबमध्ये सामना बघायचा तर आदल्या दिवशी जाऊन विचारा: हाच सामना लावणार का, आणि आवाजासकट लावणार का? एकाच वेळी तीन खेळ चालू असतात तेव्हा आवाज एकाचाच असतो. मुलं सोबत असतील तर रात्री ९ नंतर त्यांना पबमध्ये थांबू देत नाहीत. मे ते सप्टेंबर ही मर्यादा १० ची. ओळखीच्या मंडळींबरोबर बसलात तर प्रत्येक जण पाळीपाळीने सगळ्यांची पेयं आणतो. दारू पीत नसाल तर सुरुवातीलाच सांगा आणि आपली पाळी आली की उठा. लिंबूपाण्यावर बसून पाळी चुकवणारा लोकांच्या लक्षात राहतो.

## ६. क्रिकेट खेळायचं असेल तर

मराठी माणसाला डब्लिनमध्ये खेळायला सगळ्यात सोपा खेळ हाच, पण त्यासाठी पत्र वेळेवर जायला हवं. शहरात आणि उत्तरेच्या किनारपट्टीवर जुने क्लब आहेत: फिनिक्स पार्कमधला १८३० चा फिनिक्स क्लब, क्लॉन्टार्फ, रॅथमाइन्सचा लेन्स्टर, मालाहाइड, मेरियन, पेम्ब्रोक. प्रत्येकाचे अनेक संघ असतात, आणि खालच्या संघांना सुट्टीच्या दिवसांत माणसं कमी पडतात. पाहुण्याला शिरायला जागा असते ती तिथेच.

पहिली पायरी, पत्र. सहा ते आठ आठवडे आधी क्लबच्या सचिवाला थोडक्यात ईमेल करा. कोणत्या तारखांना असाल, फलंदाज की गोलंदाज, शेवटचं कोणत्या पातळीवर खेळलात, स्वतःचं किट आहे का, एवढंच. लांबलचक कारकीर्द लिहू नका. 'रणजीच्या कॅम्पला होतो' असल्या वाक्यांनी काम होत नाही, तारखांनी होतं. तीन-चार क्लबांना लिहायला हरकत नाही, पण एकाने होकार दिला की बाकीच्यांना कळवा.

दुसरी पायरी, नेट्स. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सराव असतो. तिथे आधी हजेरी लावा. कर्णधार संघ निवडतो तो सरावाला दिसलेल्यांतून.

तिसरी पायरी, नोंदणी. लीग सामन्यासाठी खेळाडूची नोंद प्रांतिक संघटनेकडे करावी लागते, आणि ती क्लबच करतो. आयत्या वेळी 'आज एक माणूस कमी आहे ना, मी येतो' हे लीगमध्ये चालत नाही. मैत्रीपूर्ण सामन्यात चालू शकतं. सामन्याची फी किंवा अल्पकाळाचं सदस्यत्व किती, हे आधीच विचारा.

चौथी पायरी, सामना. पांढरे कपडे न्या. खेळपट्ट्या साधारण संथ, चेंडू खाली राहतो आणि सीमवर हलतो. मुंबईच्या मैदानांवरची उंच उडी इथे धरून चालू नका, पुढच्या पायावर यायला शिका. घरून निघण्याआधी पावसामुळे सामना रद्द झालाय का ते बघा. बाल्ब्रिगन किंवा स्केरीजकडचं मैदान असेल तर संघातल्या कुणाच्या गाडीतून जाता येईल का, ते दोन दिवस आधी विचारा.

सावधान: होकार देऊन आदल्या रात्री माघार घेऊ नका. अकरावा माणूस शोधायला कर्णधाराला वेळ उरत नाही, आणि पुढच्या भारतीय पाहुण्यासाठी दार बंद होतं.

फक्त बघायचं असेल तर क्लबचे सामने फुकट बघता येतात, हद्दीबाहेर बाकावर बसा. मालाहाइडला जाणारे पुष्कळ जण मोठ्या स्टेडियमच्या अपेक्षेने जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताने तिथे टी-२० मालिका खेळली आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने दुसऱ्या सामन्यात ५८ धावा केल्या, तेव्हा टीव्हीवर दिसलेले स्टँड तात्पुरते उभारलेले होते. एरवी ते झाडांमधलं गावातलं मैदान आहे.

## ७. हर्ली (हर्लिंगची काठी) हातात घ्यायची असेल तर

गेलिक क्लबच्या सरावात मधेच शिरता येत नाही. खेळाडू नोंदणीकृत सदस्य असेल तरच त्याला दुखापतीच्या योजनेचं संरक्षण मिळतं, म्हणून प्रशिक्षक अनोळखी माणसाला मैदानात घेत नाही. तो नकार उद्धटपणाचा समजू नका. आठ-दहा दिवसांच्या पाहुण्याने पर्यटकांसाठीची गेलिक खेळांची सत्रं आधी नोंदवावीत. दीड-दोन तासांत हर्लिंग, फुटबॉल आणि हँडबॉल तिन्ही करून बघता येतात. काही महिने राहणार असाल तर जवळच्या क्लबमध्ये 'सोशल' हर्लिंग आहे का विचारा आणि सदस्यत्व घ्या.

क्रिकेटवाल्यांची एक ठरलेली चूक: दोन्ही हातांनी पुल मारल्यासारखी हर्ली फिरवणं. शेजारी उभ्या असलेल्याच्या गुडघ्यावर बसते. आधी जमिनीवरचा चेंडू उचलायला शिका. हेल्मेट घातल्याशिवाय सुरू करू नका, आणि चष्मा काढून ठेवा.

## ८. धावणं आणि समुद्र

धावणाऱ्यांसाठी शनिवारी सकाळी साडेनऊची ५ किलोमीटरची पार्करन सोपी आणि फुकट. रॅहेनीचं सेंट अ‍ॅन्स पार्क किंवा दक्षिणेचं मार्ले पार्क निवडा. घरूनच एकदा नाव नोंदवून बारकोड सोबत ठेवा, तो नसेल तर वेळ नोंदवत नाहीत. फिनिक्स पार्कमध्ये एकट्याने धावायला सुंदर आहे, पण हरणांपासून ५० मीटर लांब राहा आणि त्यांना खायला घालू नका. ऑक्टोबरातल्या डब्लिन मॅरेथॉनमध्ये जागा सोडतीने मिळते आणि अर्ज आदल्या वर्षी करावा लागतो.

समुद्रात पोहण्याचा मोह सँडीकोव्हच्या 'फॉर्टी फूट' या पोहण्याच्या जागी होतो. कोकणात किंवा गोव्यात पोहणाऱ्याचा अंदाज इथे पार चुकतो. ऑगस्टमध्येही पाणी १४ ते १६ अंशांच्या आसपास असतं, हिवाळ्यात दहाच्याही खाली. म्हणून:

१. एकट्याने जाऊ नका. पहिल्या वेळी सीपॉइंटला जा, भरतीच्या वेळेच्या आसपास. ओहोटीला तिथे पाणी फार मागे सरकतं.

२. जोरदार पाऊस झाल्यावर पाण्यात सांडपाणी मिसळल्याने पोहण्यावर बंदी घालतात. त्या दिवशीची सूचना बघूनच घर सोडा.

३. सूर मारू नका. पायऱ्यांवरून हळू उतरा, श्वास ताब्यात येईपर्यंत कठडा धरून राहा. पहिल्या मिनिटात धाप लागते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली गेलं तर जीव धोक्यात येतो.

४. पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. 'आता सवय झाली' असं वाटलं की बाहेर या.

५. बाहेर आल्यावर लगेच कोरडे होऊन कपडे चढवा, आधी वरचे. अंगाचं तापमान त्यानंतरही काही मिनिटं उतरत राहतं. गरम पाण्याची अंघोळ लगेच नको, थर्मासमधला चहा चालेल. कापरं थांबत नसेल किंवा बोलणं अडखळत असेल तर ११२ ला फोन करा.